डास चावला, खाज सुटली: घरातलं काय लावावं, काय लावू नये

घरात कुणाला काही चावलं की प्रत्येकाकडे एक उपाय तयार असतो. आजी चुन्याची डबी शोधते, काकू हळद कालवते, शेजारचे काका लोखंडाची किल्ली घासायला सांगतात आणि कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइलवर वाचून टूथपेस्ट घेऊन येतो. यातले काही उपाय खरोखर उपयोगी आहेत, काहींनी फरक पडत नाही पण नुकसानही होत नाही, आणि काहींनी त्वचा चक्क भाजते. कुठला उपाय कुठल्या गटातला, हे ओळखायला एकच प्रश्न विचारायचा: हा उपाय नेमका कशावर काम करतो? त्याचं उत्तर देण्यासाठी आधी खाज येते कुठून, ते समजून घ्यावं लागेल.

चावते ती डासाची मादी. अंडी तयार करायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. ती सोंड त्वचेत खुपसते तेव्हा थोडी लाळही आत सोडते, कारण रक्त पीत असताना ते गोठून चालणार नसतं. ही लाळ आपल्या शरीराला परकी. त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पहारेकरी पेशी असतात. त्यांनी ही परकी प्रथिनं ओळखली की त्या हिस्टामिन नावाचं रसायन बाहेर सोडतात. हिस्टामिनमुळे आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यातून पाणी पाझरतं आणि गांधी उठते. तेच हिस्टामिन मज्जातंतूंच्या टोकांना डिवचतं आणि मेंदूला निरोप जातो, इथे खाजतंय.

म्हणजे डास उडून गेल्यावर जे काही चालू असतं ते आपलंच शरीर करत असतं. डासाला विष नसतं, त्यामुळे वरून काही चोळून ते ‘मारायचं’ असं काही नसतंच. खाज कमी करायची तर तीन ठिकाणी हात घालता येतो: मज्जातंतू थोडा वेळ बधिर करणं, हिस्टामिनचं काम अडवणं, किंवा सूज उतरवणं. जो उपाय या तिन्हींपैकी काहीच करत नाही त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

चावल्यावर लगेच उठणारी गांधी साधारण वीस मिनिटांत सगळ्यात मोठी होते आणि तासा-दोन तासांत बसते. पण बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी त्याच जागी कडक, लालसर फोड येतो आणि तो दोन-चार दिवस खाजत राहतो. ही प्रतिकारशक्तीची दुसरी फेरी. तिच्यात हिस्टामिनखेरीज इतर रसायनंही असतात, म्हणून पहिल्या तासात गुणकारी ठरलेली, हिस्टामिनचं काम अडवणारी गोळी दुसऱ्या दिवशीच्या खाजेवर तितकी चालत नाही. गोळी खोटी निघाली असं त्यात काही नाही.

एकाच खोलीत झोपलेल्या दोघांपैकी एकाच्या अंगावर चट्टे उठतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, याचंही कारण इथेच आहे. आयुष्यात पहिल्यांदा डास चावतो तेव्हा शरीराला ती लाळ ओळखीची नसते आणि फारसं काही होत नाही. पुढे वारंवार चावून घेतल्यावर शरीर चिडायला शिकतं. आणखी बरीच वर्षं चावून घेतल्यावर पुष्कळांचं शरीर दुर्लक्ष करायला शिकतं. साधारण दोन ते दहा वर्षांची मुलं मधल्या टप्प्यात असतात, म्हणून त्यांचे हात-पाय फोडांनी भरतात. काही मुलांना एक नवा चावा झाला की आधीचे बसलेले फोडही पुन्हा उठतात. आई-वडील ‘रक्त खराब आहे’ म्हणून काढे पाजत राहतात. रक्ताचा इथे काही दोष नसतो. वय वाढेल तसा हा त्रास बहुतेकांचा कमी होतो.

आता खाजवण्याबद्दल. खाजवलं की बरं वाटतं हे खरं आहे, त्यात मनाचे खेळ नाहीत. नखं ओढल्याने हलकी वेदना होते आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत ती वेदना खाजेचा निरोप दाबून टाकते. पण त्या वेदनेवर उतारा म्हणून मेंदू सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतो आणि ते पुन्हा खाजेचीच वाट मोकळी करतं. हे २०१४ मध्ये अमेरिकेत उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. जानेवारी २०२५ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. खाज सुटलेल्या काही उंदरांच्या मानेभोवती त्यांनी शंकूसारखी कॉलर बसवली, म्हणजे त्यांना खाजवताच येईना. त्या उंदरांची सूज कमी राहिली. ज्यांना खाजवू दिलं त्यांची सूज वाढली, कारण खाजवण्याच्या वेदनेनेही मास्ट पेशी पुन्हा उद्दीपित होतात. त्याच अभ्यासात असंही दिसलं की खाजवण्याने त्वचेवरचे काही जंतू कमी झाले. म्हणजे निसर्गाने ही सवय अगदीच विनाकारण दिलेली नसावी. तरी हिशेब तोट्याचाच आहे. नखांनी त्वचा फाटते, नखांखालचे जंतू आत जातात आणि साध्या चाव्याचं गळू होतं. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर, खाजवलेल्या जागी काळे डाग पडतात ते महिनोन्‌महिने जात नाहीत. लहान मुलांची नखं कापलेली असणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आणि मी त्याला कुठल्याही मलमाच्या आधी नंबर देईन.

रात्री खाज जास्त का वाटते? दिवसा लक्ष दहा ठिकाणी असतं, हे एक. शरीरातलं कॉर्टिसोल नावाचं सूज आवरणारं संप्रेरक रात्री कमी असतं, हे दुसरं. आणि अंथरुणात त्वचा तापते, हे तिसरं. एप्रिल-मेमध्ये आपल्या सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, रात्रीही भिंती गरम राहतात, त्यात दिवे गेले की पंखा बंद. अशा रात्री एक चावा माणसाला जागं ठेवतो. त्यावरचा उत्तम उपाय गावातच विणला जातो.

सोलापुरी टॉवेल घ्या, हाताएवढा छोटा नॅपकिन असेल तर जास्त बरं. आधी चावलेली जागा साबण-पाण्याने धुवा, चोळू नका, नुसतं धुवा. मग नॅपकिन माठाच्या पाण्यात बुडवून पाणी टपकणार नाही इतपत पिळा, चार पदरी घडी करा आणि चावलेल्या जागेवर ठेवून हलकेच दाबून धरा. दोन-तीन मिनिटांत घडी कोमट होते, तेव्हा ती उलटा किंवा पुन्हा बुडवा. असं दहा मिनिटं. फ्रिज असेल तर बर्फाचे दोन खडे त्याच घडीत गुंडाळा, पण बर्फ थेट त्वचेवर धरू नका, त्यानेही त्वचा भाजते. थंडीने मज्जातंतूंचा वेग मंदावतो, खाजेचा निरोप नीट पोचत नाही आणि रक्तवाहिन्या आकसून सूजही कमी होते. वर सांगितलेल्या तीनपैकी दोन कामं एका ओल्या फडक्याने होतात, खर्च शून्य आणि अपाय नाही. टेरी कापडाचे फासे पाणी धरून ठेवतात, म्हणून पातळ रुमालापेक्षा ते जास्त वेळ गार राहतं. तान्ह्या बाळालाही हे चालतं, फक्त बर्फ नको.

खायचा सोडा हा दुसरा. एक चमचा सोड्यात जेमतेम लेप होईल एवढंच पाणी घालायचं, चाव्यावर लावायचं, दहा मिनिटांनी धुऊन टाकायचं. अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था सीडीसीदेखील डासाच्या खाजेवर हा उपाय सांगते. त्यामागचे पुरावे भक्कम नाहीत, पण बऱ्याच जणांना आराम पडतो आणि नुकसान होत नाही. खाजवून त्वचा फाटली असेल तर मात्र लावू नका, झोंबेल.

कॅलामाइन म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारं ते गुलाबी लोशन. त्यात झिंक ऑक्साइड असतं आणि गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा. लावल्यावर त्यातलं पाणी उडून जाताना त्वचा गार होते आणि वर कोरडा थर राहतो. बाटली हलवून घ्यायची, नाहीतर नुसतं पाणीच बाहेर येतं. घरात कायम असावं असं हे लोशन आहे, घामोळ्यांनाही चालतं.

कोरफडीबद्दल लोक मनापासून विचारतात. कुंडीतली कोरफड तोडल्यावर आधी पिवळा चीक निघतो. तो त्वचेला झोंबू शकतो, म्हणून पात उभी धरून तो निथळू द्यायचा, पात धुवायची आणि मगच आतला पारदर्शक गर घ्यायचा. गर गार असतो, ओलावा देतो, थोडी सूजही आवरतो. फ्रिजमध्ये ठेवलेला असेल तर आणखी बरं वाटतं. डासाच्या चाव्यावर त्याचे खास प्रयोग फार नाहीत, पण लावायला हरकत नाही.

खोबरेल तेलात कापूर घालून लावायची पद्धत जुनी आहे आणि तिला आधार आहे. कापूर आणि मेंथॉल त्वचेतल्या थंड-गरम ओळखणाऱ्या टोकांना चेतवतात, त्या जाणिवेत खाज दबते. नुसत्या खोबरेलाने त्वचा मऊ राहील, खाज मात्र फारशी जाणार नाही. पण कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर किंवा बाम लावूच नये, आणि त्याहून मोठ्या मुलांच्याही हातांना लावू नये, कारण हात तोंडात जातात. देवघरातला कापूर मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

ओट्सच्या पाण्याने अंघोळ हा परदेशात सांगितला जाणारा उपाय अलीकडे आपल्याकडेही पोचला आहे. बारीक दळलेल्या ओट्सचा खाजेवर उपयोग होतो, त्यातली अ‍ॅव्हेनॅन्थ्रामाइड नावाची द्रव्यं सूज आवरतात. ज्वारीच्या पिठाने तेच होईल असं समजू नका, ती द्रव्यं ओट्सची खासियत आहे. ज्वारीची भाकरी करा.

गरम चमचा टेकवायचा उपाय आता मोबाइलवर फार फिरतो. त्यात तथ्याचा अंश आहे: साधारण पन्नास अंशांची उष्णता काही सेकंद दिल्यास खाज कमी होते आणि परदेशात त्यासाठी छोटी उपकरणं मिळतात. पण उपकरण तापमान मोजून देतं. चहातून काढलेला चमचा किती गरम आहे हे कोण सांगणार? मुलाच्या हातावर भाजल्याचा फोड उठवण्यापेक्षा ओला नॅपकिन चांगला.

हळदीबद्दल दोन शब्द. हळदीतल्या कर्क्युमिनचे सूज कमी करण्याचे गुण प्रयोगशाळेत दिसतात, पण ते त्वचेतून आत फारसं जात नाही. लावायची तर स्वच्छ हळद लावा, खाज लगेच थांबेल अशी आशा मात्र धरू नका.

चुना ही मात्र गंभीर गोष्ट आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घरोघरी विड्या वळल्या जातात, तिथल्या एका ओळखीच्या घरी मी गेले होते. सूप मांडीवर घेऊन बसलेल्या ताईंच्या शेजारी त्यांची लहान मुलगी एक हात धरून बसलेली. मनगटाच्या वर कातडी पांढरी पडून मधून सोललेली, कडा लाल. “अक्का, गांधीलमाशी चावली म्हणून रात्री चुना लावून कापड बांधलं. सूज उतरते म्हणतात ना?” डंख कुठे झाला होता ते आता दिसतही नव्हतं. दिसत होती ती चुन्याने भाजलेली जागा. ओला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचं माप, जितका जास्त तितकी अल्कली तीव्र) बाराच्या वर असतो आणि त्वचेचा साधारण पाच. तो तासन्‌तास दाबून बांधला तर रासायनिक भाजणं होतं, आणि ते गरम तव्याच्या चटक्यापेक्षा फसवं, कारण सुरुवातीला फार दुखत नाही. चुना लागलाच असेल तर कोरडी पूड आधी झटकून टाका आणि नळाच्या वाहत्या पाण्याखाली जागा किमान वीस मिनिटं धरा.

लोक चुना लावतात त्यामागे एक समजूत आहे: मधमाशीचं विष आंबट, म्हणून त्यावर सोडा किंवा चुना, गांधीलमाशीचं उलट, म्हणून त्यावर लिंबू किंवा व्हिनेगर. शाळेतल्या आम्ल-अल्कलीच्या धड्यामुळे ती आणखी पक्की झाली आहे. प्रत्यक्षात विष काट्यातून त्वचेच्या आत सोडलं जातं आणि ते अगदी थोडं असतं. वर लावलेलं तिथवर पोचत नाही. विषातली आग मुळात त्यातल्या प्रथिनांमुळे होते, आंबटपणामुळे नाही.

लिंबाचा धोका वेगळा. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचेवर फोड येतात आणि मागे तपकिरी डाग राहतात. आपल्या उन्हात लिंबू चोळून शाळेला पाठवलेल्या मुलाचं काय होईल हे वेगळं सांगायला नको. लसूण ठेचून बांधल्यानेही त्वचा भाजते. तंबाखू ओली करून लावणं पूर्व भागातच नव्हे तर खेड्यापाड्यांतही चालतं. निकोटिन त्वचेतून शरीरात जातं आणि लहान मुलाला मळमळ, उलट्या होऊ शकतात. तुळशीखालची माती किंवा गंजकं लोखंड चोळू नये, मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. स्वच्छ किल्ली टेकवल्याने बरं वाटतं ते धातू गार असतो म्हणून, आणि तेवढं काम ओला नॅपकिन जास्त चांगलं करतो. टूथपेस्टमध्ये मेंथॉल असतं म्हणून क्षणभर गार वाटतं, पण इतर द्रव्यांनी चिडलेली त्वचा आणखी चिडते.

मधमाशी चावली तर पहिलं काम काटा काढणं. मधमाशीचा काटा करवती असतो, तो त्वचेत अडकतो आणि त्याला जोडलेली विषाची पिशवी माशी गेल्यावरही आत विष ढकलत राहते. पूर्वी सांगत की चिमटीत धरू नका, कार्डाच्या कडेने खरवडा. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की काटा कसा काढला याने फरक पडत नाही, किती लवकर काढला याने पडतो. तेव्हा कार्ड शोधत बसू नका, नखाने काढून टाका. गांधीलमाशीचा काटा अडकत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.

हुरड्याच्या दिवसांत शेतात आगटी पेटवण्याआधी वरच्या झाडावर नजर टाका. धुराने आग्या मोहोळ उठलं तर शेकडो माश्या मागे लागतात. डंख मारताना मधमाशी एक वास सोडते आणि त्याने बाकीच्या तिथेच धावून येतात, म्हणून माश्या मारत उभं राहू नका. तोंड-डोकं कापडाने झाका आणि सरळ पळत घरात किंवा गाडीत शिरा. विहिरीत उडी मारू नका. बरेच डंख झाले असतील तर माणूस ठीक दिसत असला तरी दवाखान्यात न्या, जास्त विषाने मूत्रपिंडं बिघडू शकतात.

एका डंखानेही जीव धोक्यात येऊ शकतो, तो अ‍ॅलर्जीच्या तीव्र झटक्याने. ओठ किंवा जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप लागणं, अंगभर गांधी उठून त्यासोबत उलट्या किंवा चक्कर येणं, ही लक्षणं मिनिटांत किंवा तासाभरात दिसतात. अशा वेळी घरचा उपाय करत बसू नये आणि सेट्रिझिन या अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबूही नये. मांडीत दिलेलं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाच उपचार आहे. १०८ ला फोन करा, माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, धाप लागली असेल तर बसू द्या.

पावसाळ्याच्या शेवटी ट्यूबलाइटखाली येणारा एक किडा वेगळाच गोंधळ घालतो. जेमतेम सेंटिमीटरभर लांब, काळे आणि नारिंगी पट्टे, दिसायला मुंगळ्यासारखा. तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर बसला आणि झोपेत हाताने चिरडला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य त्वचेवर पसरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिथवर हात फिरला तिथवर लाल रेघ उमटते, तीवर बारीक फोड येतात, खाजेपेक्षा आग जास्त. लोक म्हणतात अंगावरून कोळी गेला, किंवा नागीण झाली. मग तोंड-शेपूट जुळेल या भीतीने नागीण उतरवणाऱ्याकडे धाव. खरी नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्याने येते आणि फोडांच्या आधी दुखू लागते. किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा, चिरडला गेलाच तर साबणाने लगेच धुवा. रेघ उमटलीच तर थंड घडी आणि कॅलामाइन लावा, एक-दोन आठवड्यांत ती जाते. डोळ्याजवळ असेल तर डॉक्टरांना दाखवा.

औषधांपैकी सेट्रिझिनच्या गोळीचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात डासांच्या चाव्यांवरच तिची परीक्षा झाली. गांधीही लहान उठली, खाजही कमी झाली. मोठ्या माणसाला दिवसातून एक, दहा मिलिग्रॅमची. काहींना झोप येते, तेव्हा गोळी घेऊन गाडी चालवू नये. मुलांचा डोस वजनावर असतो, तो डॉक्टरांनाच विचारा.

मलमांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ‘खाज, खरूज, नायटा, सगळ्यावर एकच’ म्हणून ज्या ट्यूब मिळतात त्यांपैकी अनेकांत क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही लोक मागतात आणि ती मिळतात. डासाच्या चाव्यावर ती लावली की खाज एका रात्रीत जाते, म्हणून विश्वास बसतो. मग तीच ट्यूब नायट्यावर लावली जाते. वरून लाली कमी होते आणि आत बुरशी पसरत जाते. चेहऱ्यावर लावत राहिलं तर त्वचा पातळ होते. चाव्यासाठी स्टेरॉइड लागलंच तर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन पुरतं, पातळ थर, दिवसातून दोनदा, दोन-तीन दिवस, तेही डॉक्टरांना विचारून.

दुसऱ्या दिवशी जागा सुजली, लाल झाली म्हणजे पू झाला असं नाही. पहिल्या चोवीस तासांतली लाली बहुधा अ‍ॅलर्जीची असते आणि ती खाजते. दोन-तीन दिवसांनंतर लाली वाढू लागली, जागा गरम लागली, खाजेऐवजी ठणका लागला, पू किंवा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग आहे आणि त्याला प्रतिजैविक लागतं. मधुमेह असेल तर वाट पाहू नका.

काही वेळा चावा नसतोच. घरातल्या सगळ्यांना रात्री खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, काखेत पुरळ आहे, तर ती खरूज. सोडा-कोरफडीने ती जात नाही; घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावं लागतं. आणि विंचू चावला तर तो घरगुती उपायांचा विषय राहत नाही. दगडा-मातीच्या आपल्या मुलखात लाल विंचू आहेत. चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हात-पाय गार पडणं ही लक्षणं दिसली तर, आणि लहान मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहताच, सिव्हिल किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं, तेव्हापासून अशा रुग्णांचे प्राण वाचवणं डॉक्टरांच्या आवाक्यात आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते औषध वेळेत मिळायला माणूस वेळेत पोचावा लागतो. मंत्र घालण्यात तास घालवू नका.

डास चावून चार ते दहा दिवसांत जोराचा ताप, डोळ्यांमागे दुखणं, अंग मोडून येणं असेल तर डेंग्यूची तपासणी करा. तापाला पॅरासिटामॉल घ्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

डेंग्यूचा एडीस डास दिवसा चावतो आणि गटारात नाही, घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून पिंपं, टाक्या, हौद, कॅन भरून ठेवावे लागतात. त्यात कुणा कुटुंबाचा दोष नाही. पण अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, हे लक्षात ठेवून कामाची आखणी करता येते. पुढच्या वेळी पिंप रिकामं झालं की बॅटरी घेऊन आतल्या बाजूला, पाण्याच्या रेघेच्या जरा वर बघा. मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके चिकटलेले दिसतात, ती अंडी. पाणी ओतून दिलं तरी ती भिंतीलाच राहतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून नुसतं रिकामं करून भागत नाही, काथ्याने किंवा ब्रशने आतून खरडून घासावं लागतं. महापालिका ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ सांगते ते याचसाठी. पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी, पिंप तळाला गेलेलं असतं तेव्हा घासलं तर पाणीही वाया जात नाही. झाकण नीट बसत नसेल तर जुनी सुती साडी दुपदरी करून तोंडाला दोरीने आवळून बांधा, आणि कूलरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा यांनाही त्याच दिवशी हात लावा.